बूट बर्फाचे, शिलाई दिखाव्याची

प्रश्न : मी राजारामपुरीत घरीच ब्लाउज शिवते. डिसेंबरात आम्ही मनालीला गेलो होतो. त्यासाठी नोव्हेंबरअखेर ४,८९९ रुपयांचे विंटर बूट ऑनलाइन मागवले. जाहिरातीत ‘स्नो बूट, वॉटर रेझिस्टंट, अँटी-स्किड सोल’ असं लिहिलं होतं आणि फोटोतली मुलगी चक्क बर्फात उभी होती. पहिल्याच दिवशी सोलंगला अर्ध्या तासात चेनमधून पाणी आत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवर घसरून डाव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर झालं, पाच आठवडे प्लास्टर होतं. त्याच संध्याकाळी डाव्या बुटाचा सोल पुढून उघडला. इकडं आल्यावर तो चिकटवून घेतला. कंपनी म्हणते, परत करायची मुदत दहा दिवसांची होती, आणि हा फॅशनचा बूट आहे, रफ वापरासाठी नाही. मिस्टर म्हणतात, पाच हजारांसाठी कशाला त्या भानगडीत पडतेस. बुटाचे, दवाखान्याचे आणि बुडालेल्या कामाचे पैसे मिळतील का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मी ‘चिकटवून घेतला’ या शब्दांवर थांबले. एवढं एक काम केलं नसतं तर बरं झालं असतं! आता झालं ते झालं, पण उजव्या बुटाला कुणालाही हात लावू देऊ नका. त्याचा सोलही टोकाला सुटू लागलेला तुमच्या फोटोत दिसतो. तो बूट आहे तसा, मनालीच्या चिखलासकट, पिशवीत घालून ठेवा. पुसूसुद्धा नका.

डावा बूट ज्यांनी चिकटवला त्या दुरुस्तीवाल्या मामांना मात्र परत एकदा भेटा. सोल उघडा असताना त्यांनी आत काय पाहिलं, ते त्यांच्याच शब्दांत शपथपत्रावर लिहून घ्यायचं आहे. ते तुम्हाला म्हणाले ना, ‘ताई, हा बूट शिवलेलाच नाही, नुसता डकवलाय’? तेच वाक्य हवं. चपला-बूट दुरुस्त करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या सांगण्याला वजन असतं.

शिलाईची गोष्ट तर तुमच्याच नजरेनं पकडलीय. सोलच्या कडेनं जो पांढरा दोरा फिरलेला दिसतो, तो तुम्ही नखानं उचकटून पाहिलात आणि सुईचं भोक पलीकडे निघतच नाही हे तुमच्या ध्यानात आलं. तुम्ही पाठवलेला तो फोटो मी मोठा करून पाहिला. दोरा रबराच्या पट्टीत वरवर टाचलाय, बुटाच्या वरच्या भागाचा आणि सोलचा त्यानं काही संबंध येत नाही. सगळा भार चिकटवलेल्या सांध्यावर. आता डकवलेला सोल म्हणजे वाईटच असं नाही. जगातले बहुतेक स्पोर्ट्‌स शूज डकवलेलेच असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पण सांधा कच्चा, त्यात सतत ओल, आणि वर शिवल्याचं सोंग, असं तिन्ही एकत्र आलं की त्याला फॅशन म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडं कोल्हापुरीचा तळ चामड्याच्या वादीनं शिवतात, ती वादी वरून दिसते आणि खालूनही दिसते. तुमच्या बुटाची शिलाई फक्त वरून दिसते.

आता कायदा. तुमच्या पत्रात तीन तक्रारी एकात एक गुंतल्यात: पाणी आलं, घसरलात, सोल सुटला. आपण बोलताना हात मोडल्यापासून सुरुवात करतो, कारण दुखलेलं तेच असतं. तक्रार अर्जात मात्र क्रम उलटा लावायचा. सोल सुटणं ही तुमची सगळ्यांत भक्कम बाजू. पाणी मधली. घसरणं सगळ्यांत कच्ची.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे वस्तूच्या दर्जात, मजबुतीत किंवा विकणाऱ्यानं जे सांगितलं त्यात उणीव असेल तर तो ‘दोष’. दुसऱ्या दिवशी सोल सुटलेला बूट त्यात बसतो, फार युक्तिवाद लागत नाही. जाबदार, म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती कंपनी, म्हणेल, प्रयोगशाळेचा अहवाल कुठाय? तपासणीशिवाय दोष ठरवताच येत नसेल तेव्हाच ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो, असं कलम ३८ सांगतं. तोंड वासलेला सोल बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. तपासणीची फी तक्रारदारालाच भरावी लागते, म्हणून हा मुद्दा अर्जातच मांडून ठेवा आणि बूट आयोगासमोर हजर करायची तयारी असल्याचं लिहा.

‘दहा दिवस उलटले’ या उत्तराला घाबरू नका. ते दहा दिवस रंग आवडला नाही, माप बसलं नाही, अशा कारणांसाठी. सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघालेली वस्तू परत घ्यायला, तिचे पैसे द्यायला विक्रेत्यानं नकार देऊ नये, असं ई-कॉमर्सचे २०२० चे नियम स्पष्ट सांगतात. कंपनीनं स्वतःच्या वेबसाइटवर काय धोरण छापलंय, त्यानं हा नियम पुसला जात नाही.

पाण्याबद्दल सांगते ते जरा कडू आहे. जाहिरातीत ‘वॉटर रेझिस्टंट’ आहे, ‘वॉटरप्रूफ’ नाही. कंपनीचा वकील पहिल्या तारखेला याच शब्दाला धरून बसेल: आम्ही शिंतोडे म्हणालो होतो, बर्फात बुडवायला नाही. शब्दावर तो बरोबर आहे. पण तुम्ही बूट बुडवलेच नव्हते, आणि पाणी आलं ते चामड्यातून नाही, चेनमधून. चांगल्या थंडीच्या बुटात चेनच्या मागं एक पाणी अडवणारा पडदा शिवलेला असतो. तुमच्या बुटात चेन उघडली की थेट अस्तर. शिवाय वरची नकली फर बर्फ धरून ठेवते, पायाच्या उबेनं तो वितळतो आणि पाणी मोज्यावरून खाली उतरतं. बर्फासाठी म्हणून विकलेल्या बुटात शोभेची फरच पाणी आत आणत असेल तर तो रचनेतला दोष म्हणता येतो, आणि कलम ८४ मध्ये निर्मात्याच्या जबाबदारीत ‘रचनेतला दोष’ वेगळा सांगितलेला आहे. हा मुद्दा जरूर घ्या. फक्त त्याच्यावर सगळा डोलारा उभा करू नका.

आणि आता घसरणं. रात्रीत गोठलेल्या पायरीवर कुठलंच रबर धड धरत नाही. तिथले लोक पायात काटेरी साखळ्या अडकवतात ते उगीच नाही. तुमच्या बुटाची टाच पावणेदोन इंची, तळावरची नक्षी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर खोल, आणि स्वस्तातला सोल थंडीत कडक होतो. हे सगळं खरं. पण ‘चांगला बूट असता तर पडलेच नसते’ हे तुम्हाला सिद्ध करायचंय, आणि कंपनी म्हणणार, पायरीवर मीठ-वाळू टाकायचं काम हॉटेलचं. शिवाय कलम ८७ त्यांच्या हातात आहे: जो धोका उघड आहे, सगळ्यांना माहीत असतो, त्याची सूचना दिली नाही म्हणून निर्माता जबाबदार धरला जात नाही. ‘बर्फावर घसरतं’ हे कुणाला माहीत नसतं?

मग हा मुद्दा सोडायचा का? नाही. कलम ८४ मध्ये आणखी एक दार आहे. वस्तूबद्दल दिलेली स्पष्ट हमी पाळली गेली नाही, तर निर्मात्यानं निष्काळजीपणा केला नसला तरी तो जबाबदार असतो. ‘अँटी-स्किड’ ही हमी आहे. आणि ‘रफ वापरासाठी नाही’ म्हणणाऱ्या कंपनीनं जाहिरातीत मुलीला बर्फात उभं केलंय. कायद्याच्या व्याख्येत जाहिरात म्हणजे नुसते शब्द नाहीत, चित्रही आलं. तो फोटो तुमच्या अख्ख्या केसमधला सगळ्यांत बोलका साक्षीदार आहे, म्हणून आजच्या आज त्या पानाचे तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. तक्रार गेली की अशी पानं बदलतात, आणि बुटाच्या नावातला ‘स्नो’ एका रात्रीत वितळतो. ज्या फोनवरून काढाल त्याचं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडायचं असतं, नमुना कुठल्याही नोटरीकडं मिळेल.

दवाखान्याचा केसपेपर मी वाचला. त्यात ‘बर्फावर पडून दुखापत’ इतकंच आहे, बुटाचा उल्लेख नाही. डॉक्टर तो करतही नाहीत. सोबत नणंदबाई होत्या असं लिहिलंय, त्यांचं शपथपत्र लागेल: पायात कुठले बूट होते, कसा पाय सरकला. तिसऱ्या दिवशी तुम्ही रस्त्यावरच्या दुकानातून भाड्यानं गमबूट घेतलेत. पावती नाही हे मान्य, ती दुकानं पावती देत नाहीत. गुगल पे केलं असेल तर ती नोंद काढा. विकत घेतलेला बूट दोन दिवसांत निकामी झाला, हे त्या लहानशा रकमेनं सांगितलं तर पुष्कळ झालं.

बुडालेल्या कामाबद्दल अपेक्षा जरा आवरती घ्या. उत्पादनामुळं झालेल्या हानीत शारीरिक इजा येते, तिच्यासोबतचा मनस्ताप येतो, इजेमुळं झालेलं इतर नुकसानही येतं. पण व्यावसायिक, आर्थिक तोटा त्या व्याख्येतून वगळलाय. म्हणून ‘लग्नसराईच्या इतक्या ऑर्डरी गेल्या, इतका नफा बुडाला’ असं लिहू नका. पाच आठवडे ज्या बाईंना काज-बटण आणि हेमिंगसाठी मजुरी दिलीत ती लिहा, त्यांच्या सहीच्या कागदासह. तो खर्च इजेमुळं झालाय असं म्हणायला जागा आहे. तरी आयोग तो मान्य करेलच अशी खात्री मी देत नाही.

कायदा बुटाच्या किमतीचा आणि हाताचा हिशेब वेगवेगळा ठेवतो. खुद्द बुटाचं नुकसान ‘हानी’त धरत नाहीत, त्याचे पैसे ‘सदोष वस्तू’ म्हणून मागायचे. हात ‘उत्पादन दायित्वा’खाली, म्हणजे सदोष वस्तूनं इजा केली तर निर्मात्या-विक्रेत्यावर येणाऱ्या जबाबदारीखाली. एकाच तक्रारीत दोन्ही मागता येतं, परिच्छेद मात्र वेगळे ठेवा. मी अशा तक्रारी पाहिल्यात जिथं सगळं एकत्र कालवून दोन लाखांची भरपाई मागितलेली असते आणि त्यात ४,८९९ चा सरळ मुद्दा बुडून जातो.

कुणाविरुद्ध करायची? बुटाचा बॉक्स कुठाय ते आधी बघा. तुम्ही लिहिलंय, मुलानं किल्ल्यावरचे मावळे त्यात भरून माळ्यावर टाकलेत. मावळे दुसरीकडं हलवा. बॉक्सवर निर्मात्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर छापलेला असायला हवा. निर्माता सापडला तर तो जाबदार एक, बिलावरचा विक्रेता जाबदार दोन. निर्माता कोण हेच कळत नसेल तर विक्रेत्याचीच मान अडकते, कलम ८६ मध्ये तशी सोय आहे. आणि महिना-वर्ष नीट वाचा. पॉलियुरेथेनचे सोल न वापरताही दमट हवेत हळूहळू आतून कुजतात, तीन-चार वर्षं गोदामात पडलेला माल नवा म्हणून येतो आणि पायात घातल्यावर भुगा होतो. तारीख जुनी निघाली तर तुमच्या अर्जात एक चांगला परिच्छेद वाढला.

हॉटेलला यात ओढू नका. ओढलंत तर कंपनी आणि हॉटेल एकमेकांकडं बोट दाखवत बसतील आणि तुम्ही मधे.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं त्यांच्यावर बंधन आहे. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. किरकोळ रकमेत पुष्कळ कंपन्या इथंच नमतात. तुम्हाला फक्त बुटाचे पैसे देऊ केले आणि ‘आता कुठलाही दावा उरला नाही’ असं लिहून मागितलं, तर सही करायच्या आधी हाताचा विचार करा. ते घेऊन मोकळं व्हावंसं वाटलं तर त्यात कमीपणा नाही, पण कळून सही करा.

नाही जमलं तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. कंपनी गुरुग्रामची असो की आग्र्याची, तक्रारदार राहतो तिथं तक्रार चालते. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत म्हणून फी शून्य. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची, डिसेंबरापासून मोजायची. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

मिस्टरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. वकील लावलात तर फी बुटापेक्षा महाग पडेल, म्हणून मी तो लावू नका म्हणते. अर्ज तुम्हीच लिहा, दोन पानांत, साध्या मराठीत. दोरा पलीकडे निघत नाही हे तुम्ही पत्रात जितकं नेमकं लिहिलंय, तितकं मला लिहिता आलं नसतं. आणि तारखेला जाताना उजवा बूट बरोबर न्या.