ब्रेल डिस्प्ले ‘जोडलेला’ आहे, पण ठिपके उठत नाहीत

प्रश्न : माझा पुतण्या जन्मांध असून दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी राहून बी.ए. करतो. त्याला एका परिचिताकडून वापरलेला ऑर्बिट रीडर 20 हा ब्रेल डिस्प्ले (मजकूर उठणाऱ्या ठिपक्यांच्या वीस घरांच्या ओळीत दाखवणारे उपकरण) मिळाला. अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ यादीत तो दिसतो, टॉकबॅक (पडद्यावरचे वाचून सांगणारी अँड्रॉइडची सोय) ही बोलतो; मात्र ब्रेलच्या ओळीवर काहीच उमटत नाही. गावात नेटवर्क येते-जाते, म्हणून असे होत असेल काय?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नेटवर्कचा येथे संबंध नाही. ब्लूटूथ ही दोन उपकरणांमधली, साधारण दहा मीटरच्या आतली थेट जोडणी असल्यामुळे टॉवर नसलेल्या शिवारातही ती चालते.

फोनने उपकरण ओळखले म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या वीस घरांपर्यंत पोहोचवणे हे टॉकबॅकचे काम असते आणि ते त्याच्या सेटिंगमध्ये ‘ब्रेल डिस्प्ले’ या ठिकाणी वेगळे सुरू करावे लागते. तेथे फोन जवळपासच्या उपकरणांसाठी परवानगी मागतो. घाईत ती नाकारली गेली असेल, तर पुढचे सगळे अडते. 2022 मधील टॉकबॅक 13 पासून ही सोय टॉकबॅकमध्येच आली आहे, त्यामुळे जुन्या माहितीवरून कोणी ब्रेलबॅक हे वेगळे ॲप टाकून दिले असल्यास ते बंद करावे.

दुसरी शक्यता अशी, की ऑर्बिट स्वतंत्र वाचनाच्या मोडमध्ये असावा. त्या मोडमध्ये तो मेमरी कार्डावरची पुस्तके ब्रेलमध्ये दाखवतो, फोनचा मजकूर नव्हे. उपकरण वापरलेले असल्याने दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्याने सुरुवात करणे उत्तम. त्या वेळी संमतीची चौकट क्षणभर येते आणि कधी गुपचूप सूचनांच्या यादीत जाऊन बसते. टॉकबॅक ती वाचेपर्यंत धीर धरून पुतण्यालाच दोनदा टॅप करू द्यावे, घरच्या डोळस माणसाने पटकन बोट मारू नये, कारण पुढे शहरात खोलीवर राहताना हे त्याला एकट्यालाच करायचे आहे.

ठिपके उठले पण मराठी अगम्य लागली, तर ब्रेलची भाषा इंग्रजीच राहिली असेल. बोलण्याची भाषा बदलल्याने ब्रेलची भाषा आपोआप बदलत नाही.

आयफोन वापरणाऱ्यांनी मात्र ब्लूटूथच्या नेहमीच्या यादीत न जाता व्हॉइसओव्हरच्या (टॉकबॅकसारखी आयफोनमधली सोय) सेटिंगमधील ‘ब्रेल’ विभागातूनच डिस्प्ले निवडावा.