लकव्यानंतरची फिजिओथेरपी व्हिडिओ कॉलवर जमते का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की बाबांना लकवा होऊन दोन महिने झाले, उजवी बाजू गेली, उमरेडहून आठवड्यातून तीनदा नागपूरला आणणं झेपत नाही, तर व्हिडिओवरच्या फिजिओथेरपीचा उपयोग होतो का. होतो. माझ्या आईची अकरा महिने अशीच चालली. आम्ही काटोलला, फिजिओथेरपीच्या मॅडम नागपुरात धंतोलीत.

पहिली तपासणी मात्र समोरासमोरच करा. स्नायू किती ताठलेत, खांदा निसटलाय का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. आम्ही ते टाळलं. आईला उठवताना मी लुळा हात धरून ओढायची. महिनाभरात तिचा खांदा इतका दुखायला लागला की व्यायामच बंद पडला. आजही ते आठवलं की जीव तुटतो. लुळा हात ओढू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरून उठवा.

मॅडम तिकडून फक्त बघणार. धरायचं, सावरायचं आपणच. म्हणून आमचे पहिले चार कॉल आईसाठी नव्हतेच, माझ्यासाठी होते. कुठे उभं राहायचं, गुडघा कसा अडवायचा, तोल गेला तर काय करायचं, हे आधी मला शिकवलं. तुमच्याकडे रोज बाबांजवळ कोण असतं? त्यांनाच कॉलवर बसवा. मोबाइल हातात न धरता सात-आठ फुटांवर स्टुलावर ठेवा, पावलं दिसली पाहिजेत. नेटवर्क जात असेल तर चालतानाचा व्हिडिओ आधीच पाठवून ठेवा.

अमेरिकेत ११ केंद्रांवर १२४ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताच्या हालचालीत घरी व्हिडिओवरून दिलेली थेरपी दवाखान्यातल्या थेरपीपेक्षा कमी पडली नाही. पण तिथे सहा ते आठ आठवड्यांत ७०-७० मिनिटांची ३६ सत्रं झाली आणि त्यातली निम्मी रुग्णाने थेरपिस्टशिवाय केली. आठवड्याला एक कॉल आणि बाकी दिवस खाटेवर, असं केलं तर फरक पडणार नाही. मे महिन्यात दुपारी करू नका, सकाळी सातच्या आत उरका.

बाबांना पाणी पिताना ठसका लागतो का, तेवढं लिहा. लागत असेल तर व्हिडिओचं नंतर बघू, आधी गाडी करून डॉक्टरांना दाखवून आणा.