आधी वाक्य लिही

प्रिय मित्रा,

तुझी यादी मिळाली. मेंटॅलिझमची, म्हणजे मनातलं ओळखून दाखवण्याच्या जादूची, एवढी पुस्तकं, एवढे व्हिडिओ, आणि खाली एकच प्रश्न: 'आता पुढचं कुठलं घेऊ?' त्याच्या वरच्याच ओळीत तू लिहिलं आहेस की कॉलेजच्या कार्यक्रमात मनातलं नाव अचूक सांगितलंस, तरी लोक 'चिठ्ठीतच काहीतरी गडबड असणार' असं म्हणत उठले. खरा प्रश्न तो आहे. तुझी मेथड, म्हणजे आतली युक्ती, चोख होती, याबद्दल मला शंका नाही. पण तू बोललास काय, हे पत्रात कुठेच नाही. तुला तरी आठवतंय का?

म्हणून पुढचं काहीच घेऊ नकोस. आत्ता जे करतोस, त्यातला शब्दन् शब्द वहीत लिहून काढ.

कोरिंडाचं 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम' तुझ्याकडे आहेच. त्यातली पहिली पायरी, म्हणजे पहिला भाग, एका उपकरणाची, त्यामुळे सगळे तिथेच रमतात. तू तेरावी आधी वाच; ती बोलण्याची आणि सादरीकरणाची आहे. मग हेनिंग नेल्म्सचं 1969 सालचं 'मॅजिक अँड शोमनशिप'. हा मुळात नाटकातला माणूस, त्यामुळे प्रयोगाला काही अर्थ आहे का, प्रेक्षकाने तो का पाहावा, हे तो सोडत नाही. त्यानंतर केन वेबरचं 'मॅक्झिमम एंटरटेनमेंट', 2003 चं. वेबर स्वतः मेंटॅलिस्ट आहे आणि स्वतःचं रेकॉर्डिंग बघायला लावतो. बघवत नाही, तरी बघ. डार्विन ऑर्टिझचं 'स्ट्राँग मॅजिक' उरलेल्या वेळात. अ‍ॅनेमनचं 'प्रॅक्टिकल मेंटल इफेक्ट्स' मात्र सध्या कपाटात ठेव. 1934 ते 1941 या काळात त्याने चालवलेल्या 'द जिंक्स' या जादूच्या नियतकालिकातला माल त्यात आहे, एकाहून एक सरस, आणि म्हणूनच तुला आत्ता नको. तू पुन्हा मेथडच्याच मागे लागशील.

आता एक जागा जवळून बघू. तू चिठ्ठी पुढे करतोस आणि म्हणतोस, 'यावर नाव लिहा.' ज्याला मनातलं कळतं त्याला कागद कशाला हवा? पहिल्या रांगेतल्या माणसाला हे वाटणारच. तू उत्तर दिलं नाहीस तर तो स्वतः शोधतो, आणि त्याला जे सापडतं त्याचं नाव गडबड. त्याऐवजी वहीत असं लिहून बघ: 'शाळेत ज्यांची भीती वाटायची, असे एक सर आठवा. चेहरा आला डोळ्यांसमोर? आता नाव लिहा, सावकाश. घाईत दुसरंच नाव मध्ये येतं, लिहिलं की एकच पक्कं होतं.' कागदाला काम मिळालं. शिवाय त्या माणसाच्या चेहऱ्यावर सर दिसायला लागले, आणि सभागृह आता चिठ्ठीकडे नाही, त्याच्याकडे बघतंय. 'डोळ्यांसमोर?' नंतर थांबायचं आहे. ते थांबणंही लिही, कंसात.

पाठ केलेलं कृत्रिम वाटतं, असं तू म्हणशील. सगळे म्हणतात! अरे, न लिहिणारा माणूस 'तर आता आपण काय करणार आहोत' हेच पुन्हा पुन्हा म्हणतो आणि त्याला ते उत्स्फूर्त वाटतं. ज्याचे शब्द पक्के आहेत, त्यालाच समोरच्याकडे नीट बघायला सवड मिळते.

स्वभाव ओळखण्याचे प्रयोग करायचे असतील तर मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररचा 1949 साली छापून आलेला निबंध वाच. त्याने 39 विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिचित्र' म्हणून एकच मजकूर दिला, त्यातला बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. अचूकतेला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. ती वाक्यं मोठ्याने वाच. सगळं सामर्थ्य लिहिलेल्या शब्दांत आहे.

आणि मराठी नाटकं वाच, तीही मोठ्याने. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तर वाचच. खेळ म्हणून सुरू झालेली चौकशी बेणारेबाईंच्या अंगावर कशी येते, ते बघ. तू स्टेजवर अनोळखी माणसाला खासगी प्रश्न विचारणार आहेस. सहज विचारलेला प्रश्न कुठे बोचतो, हे जादूच्या पुस्तकांपेक्षा तिथे जास्त कळेल.

मला लोक हेकट म्हणतात. एका आयोजकाने माझ्या परिचयात 'दिव्यदृष्टी लाभलेले' असं घातलं होतं. मी लिहून दिलेलं वाक्यच वाचा, नाहीतर मी स्टेजवर येणार नाही, असं मी सांगितलं. ते काम गेलं, त्यांच्याकडची पुढचीही गेली. मी आजही तेच करेन. 2013 साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो हवाच होता. पण माझ्याबद्दल बोललं जाणारं पहिलं वाक्य खोटं असू नये, एवढं मला कायद्याशिवायही कळत होतं. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या काहींचा हात माझ्याहून कितीतरी साफ होता. त्यांनी कपाटं भरली, वही कधी उघडली नाही, आणि एकेक करून थांबले. मी तेव्हा त्यांच्याशी भांडायला हवं होतं असं वाटतं, म्हणून तुझ्याशी भांडतोय.

एक अवघड जागा राहिली. कार्यक्रमानंतर कुणीतरी काकू तुला बाजूला घेतील आणि विचारतील, 'माझ्या मुलीचं लग्न कधी जमेल?' त्या मनापासून विचारत असतील. तिथे सुचेल ते बोलायचं नाही. 'हा नुसता खेळ होता' असं तोडून टाकलंस तर त्या ओशाळतील, आणि गोलमोल बोललास तर त्या आशेवर राहतील. त्यांचा मान राखून, मला भविष्य कळत नाही, हे स्पष्ट सांगणारी दोन-तीन वाक्यं हवीत. ती चिठ्ठीच्या प्रयोगाच्याही आधी लिही आणि रविवारपर्यंत मला पाठव. हाताने लिहिलेली, खाडाखोडीसकट.