अंगावरचं दूध पुरत नाही?

"मॅडम, हिच्या अंगावर दूधच न्हाई बघा." खोलीत पाऊल ठेवतानाच आजींनी निकाल सांगून टाकला. त्यांच्या मागून मुलगी आत आली. दुपट्यात गुंडाळलेलं दीड महिन्याचं बाळ छातीशी धरलेलं, मान खाली.

कोल्हापुरात मी बाळंतिणींचं समुपदेशन करते. माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. शब्द बदलतात, भीती एकच असते: माझं बाळ उपाशी तर राहत नाही ना? म्हणून ही एक हकीकत सविस्तर सांगते. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

मुलगी पहिलटकरीण, माहेरी कागल भागात बाळंतपणाला आलेली, नवरा नोकरीला पुण्यात. तिनं एकेक पुरावा मांडला. बाळ संध्याकाळी सहा ते दहा नुसतं रडतं. दर अर्ध्या तासाला प्यायला मागतं. पहिल्या महिन्यात छाती दगडासारखी भरून यायची, दूध गळून गाऊन भिजायचा, आता सगळं मऊ पडलंय. पंप लावून बघितला तर जेमतेम वीस मिली आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, दूध आटलं. मग पाच दिवसांपूर्वी पावडरच्या दुधाचा डबा आणला, आणि बाटली दिली की बाळ तीन तास गप झोपतं.

"म्हणजे उपाशीच होता ना तो?" एवढं बोलून ती रडायला लागली.

मी कार्ड मागितलं. माता-बाल संरक्षण कार्ड, ज्यावर लशींच्या आणि वजनाच्या नोंदी असतात. पुष्कळ घरांत ते फक्त लशीच्या दिवशी बाहेर निघतं. जन्माचं वजन २ किलो ७५० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी २ किलो ६००. एवढी घट बहुतेक बाळांची होते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. सहा आठवड्यांच्या लशीच्या दिवशीचं वजन ३ किलो ७००.

मी तिच्यासमोरच हिशोब केला. तिसऱ्या दिवसापासून लशीपर्यंतच्या एकोणचाळीस दिवसांत ११०० ग्रॅम, म्हणजे रोजचे सुमारे २८. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढ व्हावी अशी अपेक्षा असते. "डबा कधी आणलास?" "लस दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी." म्हणजे हा सगळा किलोभर वजनाचा बाळसेदारपणा डब्याआधीचा होता, तिच्या एकटीच्या दुधाचा. लस दिली त्या रात्री बाळाला ताप होता, किरकिर होती. लशीनंतर एखाद-दोन दिवस ती असतेच. त्यात आधीच संध्याकाळचं रडणं, आणि घर घाबरलं.

तिचे बाकीचे पुरावेही एकेक करून बघितले. छाती मऊ पडणं म्हणजे आटणं नव्हे. साधारण महिना-दीड महिन्यानंतर शरीराला बाळाची मागणी कळते, तेवढंच दूध तयार होतं, म्हणून ठणका आणि गळणं कमी होतं. पंपात किती आलं यावरून दूध मोजता येत नाही. बाळ ओढतं तसं यंत्राला ओढता येत नाही, आणि धास्तावलेल्या आईचं दूध पंपाला सहज उतरत नाही. संध्याकाळचं रडणं तर दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्याच वेळी बाळ लागोपाठ पितं. बाटलीनंतर ते झोपतं, कारण डब्याचं दूध पचायला जड. लांब झोप म्हणजे पोट भरल्याची खूण, असं मानलं की घोटाळा होतो.

आजी हे सगळं ऐकत होत्या, पण पटत नव्हतं. घरी म्हशी आहेत हे त्या बोलता बोलता सांगून गेल्या होत्या. "निदान म्हशीचं पाणी घालून द्यावं म्हणतो," असंही म्हणाल्या. कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात हे सुचणारच! पण वर्षाच्या आतल्या बाळाला ते नको. त्यातली प्रथिनं आणि क्षार त्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, लोहही कमी पडतं.

मी विचारलं, "मावशी, चार दिवस एक वेळची धार काढलीच नाही तर म्हशीचं काय होतं?"

"आटतीया की."

"आणि नवखा माणूस धारेला बसला, गोठ्यात आरडाओरडा झाला तर?"

"पान्हा चोरती." त्या थांबल्या. मुलीकडे बघितलं. "व्हय की वो."

त्यापुढे मला फार समजावावं लागलं नाही. बाटलीची वेळ म्हणजे अंगावर न पाजलेली वेळ, आणि जितकं कमी ओढलं जाईल तितकं कमी तयार होईल. रेडकू ढुशा देतं तेव्हा पान्हा सुटतो, तसंच इथेही. बाळ छातीशी असलं, आई निवांत असली की दूध उतरतं. भीती, दुखणं, चार माणसांची नजर यांनी अडतं. दूध असतं, उतरत नाही. पण या घरात तर रोज संध्याकाळी दुधाचीच चौकशी चालायची, आणि फोनवर नवरा विचारायचा, "अजून रडतोय का?"

मग मी तिला माझ्यासमोर पाजायला सांगितलं. हे बघितल्याशिवाय मी कुणालाही काही सांगत नाही. ती पुढे वाकली, खांदे कानाला लागलेले, बाळाची मान वळलेली. बाळानं फक्त बोंड तोंडात धरलं आणि चुटूचुटू चोखायला लागलं. तिच्या चेहऱ्यावर कळ उमटली. मी तिच्या पाठीला उशी दिली, मागे रेलायला लावलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं. नाक बोंडासमोर आणलं आणि वाट बघितली. बाळानं जांभईएवढा आ केला तेव्हाच त्याला जवळ घेतलं. आता हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसत होता. दोन-तीन भराभर ओढी, आणि मग संथ लय. ओढ, गिळणं, ओढ, गिळणं. खोली इतकी शांत होती की गिळल्याचा आवाज आजींनाही ऐकू आला.

"दुखतंय?" मी विचारलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

दूध कधीच कमी पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी एका आईला मी फोनवरच "काळजी नको, पाजत राहा" असं सांगितलं होतं. वजन विचारलं नव्हतं. तीन आठवड्यांचं ते बाळ जन्माच्या वजनालाही पोचलेलं नव्हतं, दिवसातून दोन-तीनदाच लघवी करत होतं. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू केलं, ते योग्यच होतं, आणि बाळ सावरलं. पण ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून वजन आणि लघवी कळल्याशिवाय मी कुणाला धीरसुद्धा देत नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला किमान सहा वेळा लघवी हवी. ती कमी झाली, बाळ सुस्त पडलं, पिईनासं झालं, हिरवी उलटी झाली किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर माझ्याकडे नाही, थेट बालरोगतज्ज्ञांकडे. लशीनंतरच्या तापातही एकदा त्यांना विचारून घ्यावं.

आजींना मी एक काम दिलं: ओले लंगोट मोजायचे. आणि दोन गोष्टी बंद करायला सांगितल्या, मधाचं बोट आणि पाण्याचे चमचे. मधात असलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो. आईच्या दुधातच शेकडा ८७-८८ भाग पाणी असतं, उन्हाळ्यातही सहा महिने वेगळं पाणी लागत नाही.

झोपेचं मी मुलीलाच विचारलं, तिच्या झोपेचं. सलग दोन तास झाले नव्हते. दोन-तीन महिन्यांपर्यंत बाळाला दिवस-रात्र कळत नाही. एकूण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांत. म्हणून बाळ झोपलं की तिनं झोपायचं, स्वयंपाकघरात जायचं नाही. संध्याकाळी रडण्याच्या वेळी पाजून झालं की आजींनी खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचं. झोपवताना उताणं, मऊ उशी नको.

"मला आई होताच येत नाही असं वाटतं," ती शेवटी हळूच म्हणाली. हे वाक्य मी कधीच हसण्यावारी नेत नाही. बाळंतपणानंतरचं रडू पहिल्या दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. मी तिला सगळे प्रश्न विचारले, जीव नकोसा होतो का हेही. तसं नव्हतं, ती थकली होती. तरी १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर तिच्या फोनमध्ये घातला. तिथे मराठीत बोलता येतं.

बाटल्या एकदम बंद केल्या नाहीत, एकेक कमी केली. आठ दिवसांत डबा फळीवर गेला. बाळ संध्याकाळी रडतच होतं, पण आता त्याला दूध नसल्याचा अर्थ कुणी लावत नव्हतं.

दहा आठवड्यांच्या लशीनंतर तिघं परत आली. वजन ४ किलो ५००. बाळ आता आवाजाकडे वळून बघत होतं, आईकडे बघून हसत होतं. आजींना लिहिता येत नाही. त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढून माझ्यासमोर पसरलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात कोळशाच्या बारीक उभ्या रेघा होत्या. कुठे सात, कुठे आठ, एका दिवशी दहा.

"ह्या दिवशी पाऊस हुता," दहा रेघांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "एक बी लंगोट वाळला न्हाई."