फुलांची मोजणी, जनुकांची मोजणी

वाचकांचे प्रश्न

आकडेवारीच्या विश्लेषणाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. कासच्या फुलांपासून कर्करोगाच्या गाठींपर्यंत विषय लांबलांबचे आहेत, पण बहुतेक पत्रांतली अडचण एकाच ठिकाणी येऊन थांबते : आपल्याकडे स्वतंत्र नमुने खरोखर किती आहेत, हे मोजणी सुरू करण्याआधी कुणी ठरवलेले नाही.

प्रश्न : कास पठारावर रस्त्यालगतच्या एका तुकड्यात आणि आतल्या एका तुकड्यात एक मीटरच्या ३०-३० चौकटी टाकून गेंद आणि तेरड्याची रोपे मोजली. माणसांच्या तुडवण्याने रोपे कमी होतात का, हे पाहायचे होते. टी-टेस्टमध्ये (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) पी, म्हणजे खरा फरक नसताना योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कमी आला. पण माझे मार्गदर्शक म्हणतात, तुझे नमुने ६० नाहीत, दोनच आहेत. हे कसे? शिवाय निम्म्या चौकटींत शून्य आहे आणि काहींत दोनशेच्या वर रोपे आहेत. त्याचे काय करू?
— एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे. एका तुकड्यात टाकलेल्या ३० चौकटी त्या तुकड्याची सरासरी चांगली सांगतात. पण 'रस्त्यालगतची जागा' या प्रकाराबद्दल त्या सगळ्या मिळून एकच साक्ष देतात. तुमचे दोन तुकडे तुडवण्याशिवाय इतर दहा बाबतींत वेगळे असू शकतात. जांभ्यावरचा मातीचा थर एका ठिकाणी दोन बोटे असेल, दुसरीकडे वीतभर. एकीकडे पाणी आठवडाभर साचत असेल, दुसरीकडे तासाभरात वाहून जात असेल. गेंदाला ओल धरून राहणारी जागा लागते, त्यामुळे नुसत्या उतारातल्या फरकानेही तुमचा पी ०.००१ येऊ शकतो. एस. एच. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' (नमुन्यांची खोटी पुनरावृत्ती) असे नाव दिले. ती आजही प्रबंधांत सर्रास दिसते.

पुढच्या हंगामात तेवढ्याच मेहनतीत हे सुधारता येईल. रस्त्यालगत ६ तुकडे आणि आत ६ तुकडे निवडा व प्रत्येकात ५ चौकटी टाका. एकूण चौकटी ६०च राहतात. तुकडे एकमेकांपासून किमान शंभर मीटर दूर ठेवा. बारीक सळईने मातीची खोली मोजून, साधारण सारख्या खोलीच्या तुकड्यांच्या जोड्या लावता आल्या तर फारच चांगले. तुकड्यातल्या चौकटींची जागा डोळ्यांनी निवडू नका, कारण डोळा फुलांकडेच जातो. दोन बाजूंनी टेप पसरून यादृच्छिक आकड्यांवरून जागा ठरवा. विश्लेषणात तुकडा हा 'रँडम इफेक्ट', म्हणजे तुकड्यातुकड्यांतला मुळातला फरक धरणारा घटक, म्हणून घाला. ते जमत नसेल तर प्रत्येक तुकड्याची सरासरी काढून १२ सरासऱ्यांवर तुलना करा. स्वातंत्र्यांश (तुलनेमागची स्वतंत्र माहिती) ५८ वरून १० वर येतील, पण निष्कर्ष कुणापुढेही मांडता येईल.

या वर्षीची मोजणी टाकून देऊ नका. 'या दोन तुकड्यांत रोपांच्या घनतेत इतका फरक आढळला' एवढेच लिहा आणि तुडवण्याला कारण ठरवू नका. पुढच्या वर्षी किती तुकडे लागतील याचा अंदाज काढायलाही हीच आकडेवारी उपयोगी पडेल.

चौकटीच्या कडेबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या पाहण्यांत दाखवून दिले की फार लहान प्लॉट घेतले तर उत्पन्न वाढीव दिसते. कारण कडेवरची झाडे मोजणाऱ्याच्या हातून आतच धरली जातात. तुमच्या चौकटीलाही हे जसेच्या तसे लागू आहे. एक मीटरच्या चौकटीत दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते. गेंद दाट आहे म्हणून २५ सेंटीमीटरची चौकट घेतली तर तीच कड १६ मीटर होते, म्हणजे कडेची चूक चौपट शिरते. नियम आधीच ठरवा : मूळ आत असेल तरच रोप आत. मूळ नेमके कडेवर असेल तर उत्तर आणि पश्चिम कडेवरचे मोजायचे, दक्षिण आणि पूर्व कडेवरचे सोडायचे. पीव्हीसी पाइपची चौकट करताना एल्बोमुळे माप वाढते, तेव्हा आतले माप टेपने तपासा. गेंदाच्या एका रोपाला अनेक गोंडे येतात, म्हणून रोपे मोजता की गोंडे, हे वहीत वरच लिहा. त्याच्या जाती भिंग आणि बी पाहिल्याशिवाय नीट ओळखता येत नाहीत. शंका असेल तिथे 'गेंद, जात अनिश्चित' असे लिहिणे चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगले.

आता शून्यांचा प्रश्न. अशा मोजणीला टी-टेस्ट बसत नाही. प्रत्येक आकड्यात एक मिळवून लॉग घेण्याची जुनी पद्धतही टाळा. साध्या पॉयसन वितरणात सरासरी १० असेल तर व्हेरियन्सही (आकड्यांच्या विखुरण्याचे माप) १० असतो. झुबक्याने वाढणाऱ्या वनस्पतींत तो सहज ५० होतो. त्यासाठी 'निगेटिव्ह बायनॉमियल' मॉडेल घ्या. त्यात व्हेरियन्स म्हणजे सरासरी अधिक सरासरीच्या वर्गाचा ठरावीक पट. सरासरी १० आणि हा पट ०.४ असेल, तर १० अधिक ४० म्हणजे ५०. 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधल्या जीएलएमएमटीएमबी पॅकेजमध्ये हे मॉडेल तुकड्याच्या रँडम इफेक्टसह बसवता येते. चौकटी वेगवेगळ्या आकाराच्या असतील तर क्षेत्रफळाचा लॉग 'ऑफसेट' म्हणून द्या. शून्ये जास्त दिसली की लगेच 'झिरो-इन्फ्लेटेड' (जादा शून्यांसाठी वेगळी सोय असलेल्या) मॉडेलकडे धावू नका. आधी चौकटीतल्या उघड्या कातळाचा टक्का मॉडेलमध्ये घाला, बरीचशी शून्ये तिथेच समजतात. मग धर्मा या पॅकेजने पाहा की मॉडेल जितकी शून्ये अपेक्षित धरते तितकीच वहीत आहेत का.

वनविभागाची लेखी परवानगी घ्या आणि पठारावर खुंट्या ठोकू नका. फोनच्या जीपीएसची चूक ५ ते १० मीटर असू शकते. परत त्याच जागी यायचे असेल तर ठळक दगडापासूनचे अंतर आणि होकायंत्राची दिशा लिहून फोटो काढा.

प्रश्न : टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय माहितीच्या खुल्या संचातली स्तनाच्या कर्करोगाची आरएनए आकडेवारी (कोणते जनुक किती चालू आहे याच्या मोजण्या) उतरवली. गाठीचे सुमारे १,१०० आणि सामान्य ऊतींचे शंभराहून थोडे अधिक नमुने आहेत. बेंजामिनी-हॉकबर्ग सुधारणेनंतरही (एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याने येणारे खोटे निकाल आवरणारी पद्धत) हजारो जनुके 'लक्षणीय' ठरतात आणि सगळ्यात वर चरबीशी संबंधित जनुके दिसतात. हा शोध म्हणायचा का?
— जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी, कराड

उत्तर : सुधारणा केलीत हे चांगले केले. तिच्याशिवाय २०,००० जनुकांच्या चाचणीत पी ०.०५ ची रेघ धरली, तर काहीच फरक नसतानाही सुमारे १,००० जनुके निव्वळ योगायोगाने पार होतात. पण नमुने शेकड्यांनी असले की अगदी किरकोळ फरकही लक्षणीय ठरतो. म्हणून 'फरक शून्य आहे का' असे न विचारता 'फरक दुपटीपेक्षा जास्त आहे का' असे विचारा. डीईसेक-२ या आरएनए-विश्लेषणाच्या पॅकेजमध्ये हा उंबरठा चाचणीतच देता येतो (लॉग-२ प्रमाणात १). आधी साधी चाचणी करून नंतर दुपटीची चाळणी लावणे म्हणजे तीच गोष्ट नव्हे, तेव्हा यादीत खोटी जनुके किती प्रमाणात असतील याची हमी राहत नाही.

चरबीच्या जनुकांचे कारण ऊतीत आहे. स्तनाच्या सामान्य ऊतीत चरबीच्या पेशी भरपूर असतात, गाठीत त्या कमी. त्यामुळे पीएलआयएन-१ किंवा एडीआयपीओक्यू ही जनुके गाठीत 'घटलेली' दिसतात. कर्करोगाच्या पेशीने ती बंद केली असे यातून सिद्ध होत नाही, नमुन्यात कोणत्या पेशी किती होत्या एवढेच कळते. गाठीची शुद्धता किंवा पेशींचे अंदाजित प्रमाण मॉडेलमध्ये घ्या, किंवा निष्कर्षात हे स्पष्ट लिहा.

तुमच्याकडे नमुना म्हणजे रुग्ण. सामान्य ऊतींचे नमुने त्याच रुग्णांपैकी काहींचे आहेत आणि काही रुग्णांचे गाठीचे नमुने दोनदा आलेले असतात. नमुन्याच्या सांकेतिक क्रमांकातली पहिली १२ अक्षरे रुग्णाची असतात. १४वे आणि १५वे स्थान ऊतीचा प्रकार सांगते : ०१ मूळ गाठ, ०६ पसरलेली गाठ, ११ सामान्य ऊती. आधी दुहेरी नमुने काढा. मग ज्यांच्या दोन्ही ऊती आहेत तेवढ्याच रुग्णांवर, रुग्ण हा घटक मॉडेलमध्ये ठेवून, जोडीने तुलना करा. नमुने कमी होतील, पण वय, वंश, प्रयोगशाळेत एकत्र तपासलेल्या नमुन्यांची तुकडी (बॅच) असे बरेच फरक आपोआप वजा होतील.

डीईसेक-२ ला कच्च्या मोजण्याच द्या. टीपीएम किंवा एफपीकेएम (जनुकाची लांबी आणि एकूण मोजणी यांनुसार बदललेले आकडे) दिले तर तिचे गणितच मोडते. लहान गटातल्या नमुन्यांच्या संख्येइतक्या नमुन्यांत ज्या जनुकाची मोजणी १० सुद्धा नाही, ते आधीच गाळा. आणि एक तपासणी जरूर करा : प्रत्येक जोडीतली 'गाठ' आणि 'सामान्य' ही लेबले यादृच्छिकपणे अदलाबदल करून तेच विश्लेषण पुन्हा चालवा. लक्षणीय जनुके जवळजवळ शून्यावर यायला हवीत. दरवेळी शेकडो उरत असतील तर मॉडेल आकडेवारीला बसत नाही. मग जोडीची विल्कॉक्सन चाचणी (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमावर चालणारी) वापरा.

फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली असेल तर मूळ फाइल पुन्हा उतरवा. एसईपीटी-२, एमएआरसीएच-१ अशा जनुकांच्या नावांची एक्सेल सप्टेंबर, मार्च समजून तारीख करून टाकतो. याच त्रासापायी २०२० मध्ये ही नावे अधिकृतपणे बदलली, पण जुन्या फाइलींत ती तशीच आहेत.

प्रश्न : आमच्याकडे कर्करोगाच्या ९० रुग्णांचे केसपेपर आहेत. बरेच रुग्ण मधूनच यायचे बंद झाले. त्यांना वगळावे की मृत धरावे? केमोची सहाही सत्रे घेतलेले रुग्ण जास्त जगले असे दिसते, ते प्रसिद्ध करता येईल का?
— डॉक्टर, मिरज

उत्तर : डॉक्टर, वगळूही नका आणि मृतही धरू नका. शेवटच्या भेटीच्या तारखेला त्यांना 'सेन्सॉर' करा, म्हणजे तिथपर्यंत जिवंत होते एवढेच धरा आणि पुढचे अज्ञात माना. कॅप्लन आणि मायर यांची १९५८ ची पद्धत याचसाठी आहे. १० रुग्ण घ्या. तिसऱ्या महिन्यात एक दगावला, पाचव्यात दोघे येईनासे झाले, आठव्यात आणखी एक दगावला. तिसऱ्या महिन्याला ९/१०. आठव्या महिन्यात हाताशी ७ होते, त्यांतले ६ राहिले. ०.९ गुणिले ६/७ म्हणजे ७७ टक्के. गैरहजर दोघांना मृत धरले तर ६० टक्के, वगळले तर ७५, कायम जिवंत धरले तर ८०.

या पद्धतीचे एक गृहीतक आहे : यायचे थांबलेले रुग्ण बाकीच्यांपेक्षा वेगळे नाहीत. आजार बळावला म्हणून जत किंवा आटपाडीकडच्या आपल्या गावी परत गेलेल्या रुग्णाला ते लागू होत नाही. त्यामुळे विश्लेषणापूर्वी घरी फोन करून स्थिती विचारणे हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचे काम आहे. नोंदतक्त्यात निदानाची तारीख, शेवटच्या संपर्काची तारीख आणि त्या दिवशीची स्थिती असे तीन रकाने तरी हवेतच. नावे आणि फोन वेगळ्या कुलूपबंद फाइलीत ठेवा आणि नैतिक समितीची मंजुरी आधी घ्या.

सहा सत्रांची तुलना आहे तशी छापू नका. २१ दिवसांनी एक सत्र असेल तर सहावे सत्र घेणारा रुग्ण पहिल्या सत्रापासून १०५ दिवस जगलेला असतोच. लवकर दगावलेले आपोआप दुसऱ्या गटात पडतात. पहिल्या सत्रापासूनचा १२० वा दिवस ठरवा. त्याआधी दगावलेले किंवा सेन्सॉर झालेले रुग्ण तुलनेतून काढा, त्या दिवसापर्यंत कितवे सत्र झाले यावरून गट करा आणि जगण्याचा काळ तिथून पुढे मोजा. तरीही ज्यांची प्रकृती मुळात बरी होती त्यांनाच सहा सत्रे झेपली, हा प्रश्न उरतो. कॉक्स मॉडेलमध्ये (मृत्यूच्या धोक्यावर अनेक घटकांचा परिणाम एकत्र पाहणारे मॉडेल) आजाराचा टप्पा, वय, प्रकृतीचा दर्जा घ्या, पण मृत्यू ३० असतील तर तीनपेक्षा जास्त घटक घालू नका. इथे रुग्णांची संख्या नव्हे, मृत्यूंची संख्या मोजतात.

प्रश्न : न दिसलेल्या जातींचा अंदाज काढण्याचे संख्याशास्त्रज्ञ चाओ यांचे सूत्र गाठीतल्या पेशींच्या वंशावळींनाही लावतात असे वाचले. खरे आहे का?
— निवृत्त प्राध्यापक, सांगली

उत्तर : खरे आहे, सर. दिसलेल्या जातींत, एकदाच दिसलेल्या जातींचा वर्ग भागिले दोनदा दिसलेल्या जातींची दुप्पट, एवढे मिळवायचे. ४२ जाती दिसल्या, त्यांत ८ एकदाच आणि ४ दोनदा, तर ४२ अधिक ६४/८ म्हणजे ५०. हा किमान अंदाज असतो. रक्तातल्या टी-पेशींच्या विविधतेसाठीही तो वापरतात. धोका 'एकदाच दिसलेल्या'त आहे. सिक्वेन्सिंगमधली (जनुकीय अक्षरे वाचण्यातली) एका अक्षराची चूक म्हणजे एकदाच दिसणारी नवी 'जात', आणि सूत्र तिचा वर्ग करते. ८ च्या जागी १६ झाले तर दिसलेल्या जाती ५० होतात आणि उत्तर ८२ वर जाते. म्हणून पेशींच्या बाबतीत प्रत्येक मूळ रेणूला ओळखखूण (रेणवीय बारकोड) लावून चुका आधी गाळतात. पठारावर ओळख चुकली तरी हेच होते.

प्रश्न : हे सगळे ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालेल का?
— विद्यार्थिनी, इस्लामपूर

उत्तर : फुलांचे सगळे चालेल. टीसीजीएच्या स्तन-कर्करोग संचात सुमारे ६०,००० ओळी आणि १,२०० स्तंभ, म्हणजे ७.२ कोटी आकडे आहेत. प्रत्येकी ८ बाइट धरले तर ५७६ एमबी. पण विश्लेषणात त्याच्या अनेक प्रती बनतात आणि ८ जीबी अपुरी पडते. ओळी आधी गाळा, जोडीचेच रुग्ण ठेवा, मग काम होते. पूर्ण संच हवा असेल तर डीईसेक-२ ऐवजी लिमा-व्हूम ही पद्धत वापरा, ते बरेच जलद चालते. सिक्वेन्सिंगच्या कच्च्या फाइली मात्र या लॅपटॉपवर उतरवू नका.