तुमचा प्रश्न: ‘मला चढतच नाही’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. दरवर्षी 31 डिसेंबरला यांच्या मित्राच्या गंगापूर धरणाकडच्या फार्महाऊसवर जमतो. हे तीन-चार लार्ज घेतात आणि रात्री एकला स्वतः गाडी चालवत घरी आणतात. मी काही बोलले की “मला चढत नाही, वीस वर्षं चालवतोय” हे ठरलेलं. मागची दोन वर्षं मागच्या सीटवर मुलीचा हात धरून डोळे मिटून बसले होते. यावर्षी काय करू?

उत्तर: ताई, तुमचे हे खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच चढत नसेल. रोज किंवा दर शनिवारी घेणाऱ्याला सवय होते, जीभ अडखळत नाही, पाय सरळ पडतात, पण रक्तात दारू तेवढीच असते जेवढी नवख्याच्या रक्तात असते आणि ब्रेकवर पाय जायला उशीर होतो तो होतोच. उलट ज्याला चढते तो निदान गप झोपतो तरी, न चढणारा चावी घेऊन उठतो, म्हणून मला तर न चढणाऱ्यांचीच जास्त भीती वाटते.

आता हिशोब सांगते, तो यांना दाखवा, कारण पुरुषांना आकडे दाखवले की जरा ऐकतात. व्हिस्कीचा 30 मिलीचा स्मॉल म्हणजे साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल, आणि आपलं लिव्हर तासाला साधारण तेवढंच काढून टाकतं, कोणाचं थोडं जास्त कोणाचं कमी. लार्ज म्हणजे दोन स्मॉल, म्हणजे चार लार्ज = 80 ग्रॅम = जवळजवळ आठ तास. नऊला सुरू करून एकला गाडीत बसले तर निम्मीच गेलीय, निम्मी अजून अंगात आहे. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम, ती या माणसाने कधीच ओलांडलेली असते. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याने तोंड धुणं, यातल्या कशानेही लिव्हर घाई करत नाही, फक्त झोपाळलेला दारुडा जागा दारुडा होतो. आणि वेलची, पान, बडीशेप हा प्रकार तर सोडूनच द्या, वासाचा बंदोबस्त होईल पण पोलीस ज्या मशीनमध्ये फुंकायला लावतात ते फुफ्फुसातून आलेलं अल्कोहोल मोजतं, वेलची मोजत नाही.

पकडले तर पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा इन्शुरन्स क्लेम कंपनी नाकारू शकते, हे सांगितल्यावर आमच्या घरातले एक काका पहिल्यांदा विचारात पडलेले मी पाहिलेत, जीवाचं सांगून पडले नव्हते.

पण खरं काम रात्री एकला करायचंच नाही, तेव्हा वाद घालून उपयोग नसतो, समोरचा आपल्यापेक्षा आवाज चढवणार आणि सगळे मित्र “वहिनी, काही नाही होत” करत उभे राहणार. हे आठवडाभर आधी ठरवा. धरणाकडे रात्री रिक्षा मिळत नाही आणि 31 च्या रात्री कॅब मिळेल याची खात्री नाही, त्यामुळे त्या रात्रीपुरता ड्रायव्हर आधीच सांगून ठेवा, दोन-तीन कुटुंबांत वाटून घेतला तर एका खंब्यापेक्षा, म्हणजे मोठ्या बाटलीपेक्षा, स्वस्त पडेल. नाहीतर तिथेच गाद्या टाका, थंडीला दोन रजया जास्त न्या, सकाळी मिसळ खाऊन निरोप घ्या. तुम्हाला स्वतःला चालवता येत असेल तर घरातून निघतानाच चावी तुमच्या पर्समध्ये. आणि यातलं काहीच नाही जमलं तर तुम्ही आणि मुलगी त्या गाडीत बसू नका, दुसऱ्या कोणाबरोबर या किंवा तिथेच थांबा. भांडण झालं तर होऊ दे, एक तारखेला मिटेल.

प्रश्न: आम्ही चार मित्र, सगळे 26-27 चे, सिडकोतले. 31 ला फक्त बिअर, तीही प्रत्येकी तीन स्ट्राँग, दोन वाजेपर्यंत झोपू आणि सकाळी सहाला बाईकवर सापुताऱ्याला. सकाळी तर काही प्रॉब्लेम नाही ना?

उत्तर: आहे, दोन आहेत. ‘फक्त’ बिअर म्हणू नका, स्ट्राँगची 650 मिलीची बाटली आठ टक्क्यांची असली तर 40 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल, म्हणजे चार स्मॉल. तीन बाटल्या म्हणजे बारा. नऊला सुरू केलं तर उतरायला दुसऱ्या दिवशीचे नऊ वाजतील, तुम्ही सहाला निघणार, चार तास झोप, एक जानेवारीच्या धुक्यात वणीच्या पुढचा घाट. डोकं हलकं वाटतंय म्हणजे रक्त साफ झालं असं नसतं, झोपेत लिव्हर काही दुप्पट काम करत नाही. आणि थंडी घालवायला निघताना एक छोटा हा सल्ला कोणी दिला तर त्याला मागे ठेवा, दारूने कातडीतल्या नसा रुंदावतात, ऊब वाटते पण अंगातली उष्णता बाहेर जाते, बाईकवर तर जास्तच.

दुसरा प्रॉब्लेम बॅगेतला. हतगड सोडलं की गुजरात, तिथे दारूबंदी आहे, उरलेली एक बाटली सोबत असली तरी केस. ती सिडकोतच ठेवा, आणि निघायचं ते दुपारचं जेवून, सूर्यास्ताला आरामात पोहोचता.