‘उत्तर’ पुढे की मागे?

प्रश्न असा : ‘उत्तर मध्ययुगीन’ म्हणजे मध्ययुगाच्या अखेरचा काळ, की मध्ययुग संपल्यानंतरचा?

अखेरचा, पण मध्ययुगातलाच. ‘पूर्व’ आणि ‘उत्तर’ हे शब्द कालखंडाच्या नावाआधी आले तर त्या खंडाच्या आतच विभागणी होते. नावानंतर आले तर ते आपल्याला खंडाबाहेर नेतात. युरोपच्या इतिहासात उत्तर मध्ययुग म्हणजे साधारण इ.स. १३०० ते १५००; मध्ययुगोत्तर म्हणजे त्याच्या पुढचे. शंका आली की विग्रह करावा. ‘उत्तर असे मध्ययुग’ हा कर्मधारय, ‘मध्ययुगाहून उत्तर’ हा पंचमी तत्पुरुष. (काही जण उत्तर मध्ययुगाला ‘मध्ययुगाचा उत्तरार्ध’ म्हणतात; पण हजार वर्षांतली शेवटची दोनशे म्हणजे अर्ध नव्हे. ‘अखेरचा टप्पा’ बरे.)

उत्तर वैदिक काळ, साधारण इ.स.पू. १००० ते ६००, हा वैदिकच काळ. यजुर्वेद, अथर्ववेद, ब्राह्मणग्रंथ त्यातलेच. त्याला ‘वेदोत्तर’ म्हटले की हे सगळे ग्रंथ वैदिक वाङ्मयातून बाहेर पडतात. एका शब्दाची जागा चुकली की चारशे वर्षांचा घोटाळा! शिवपूर्वकाळ, स्वातंत्र्योत्तर हे शब्द मात्र आपण सहज बरोबर वापरतो.

गोंधळ शिरला तो इंग्रजीतून. तिथला ‘पोस्ट’ (म्हणजे ‘नंतरचा’) हा उपसर्ग शब्दाच्या आधी लागतो, म्हणून ‘उत्तर’ही आधी लावला आणि ‘पोस्टमॉडर्न’साठी ‘उत्तर-आधुनिक’ तयार झाला. नियमाने तो ‘आधुनिकोत्तर’ हवा. पण तो आता इतका रुळला आहे की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त त्याच्या साच्यावर नवे शब्द पाडू नयेत.

‘पूर्व-आधुनिक’ची अडचण याहून मोठी. कुणी तो आधुनिक काळाच्या पहिल्या टप्प्यासाठी, साधारण १५०० ते १८०० या काळासाठी वापरतो, तर कुणी आधुनिकतेच्या आधीच्या सगळ्याच काळासाठी. म्हणून पहिल्या अर्थी ‘आद्य आधुनिक’ आणि दुसऱ्या अर्थी ‘आधुनिकपूर्व’ लिहावे. शिवाय पहिल्या उल्लेखाशी कंसात सनही द्यावेत, कारण मध्ययुग १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले तेव्हा संपले की १४९२ मध्ये कोलंबस निघाला तेव्हा, यावरच एकमत नाही.